हिरोशिमा पायी पाहताना : कामियाचो–हात्चोबोरी भागातील हॉटेलातून दीड दिवस

ओसाका किंवा क्योतोहून शिन्कान्सेन या वेगवान रेल्वेने सकाळी हिरोशिमाला यायचे, अणुबॉम्ब घुमटासमोर, म्हणजे स्फोटात भग्न झालेल्या घुमटाच्या इमारतीसमोर, उभे राहून छायाचित्र काढायचे, संग्रहालयातून तासाभरात बाहेर पडायचे आणि दुपारची बोट धरून मियाजिमा बेट गाठायचे, असा बेत भारतातून जपानला जाणारे बरेच प्रवासी आखतात. मियाजिमा सुंदर आहे आणि ते पाहावेच, पण या धावपळीत हिरोशिमा हे शहर पाहायचे राहून जाते. शहराच्या मध्यभागी एक रात्र मुक्काम केला, तर पहिल्या दिवसाची दुपार आणि दुसरा पूर्ण दिवस असा दीड दिवस हाती येतो, आणि तेवढ्या वेळात कोणतेही वाहन न वापरता जे पाहता येते, ते एका दिवसाच्या सहलीत पाहणे शक्य नाही. हा मार्गदर्शक त्या दीड दिवसासाठी आहे.

हॉटेल कोठे घ्यावे

हिरोशिमा हे ओता नदीच्या मुखाशी, गाळाच्या त्रिभुज प्रदेशावर वसलेले शहर आहे. नदी येथे सहा प्रवाहांत विभागून समुद्राकडे जाते आणि त्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यांवर जुने शहर पसरलेले आहे. त्यामुळे मध्यवर्ती भागात चढउतार जवळजवळ नाहीत, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

पायी फिरण्यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे आयोई-दोरी या ट्रामच्या रस्त्यावरील कामियाचो आणि हात्चोबोरी या दोन थांब्यांच्या आसपासचा भाग. येथून पश्चिमेला पाचसहाशे मीटरांपासून किलोमीटरभराच्या आत अणुबॉम्ब घुमट येतो, उत्तरेला साधारण तेवढ्याच अंतरावर किल्ला, ईशान्येला शुक्केइएन ही जुनी बाग, आणि दक्षिणेला लागूनच होन्दोरी ही आच्छादित बाजारपेठ आहे. रेल्वे स्थानकाजवळची हॉटेले सामानासह उतरणाऱ्याला सोयीची वाटतात, परंतु घुमट तेथून दोन किलोमीटरांहून अधिक दूर असल्यामुळे प्रत्येक फेरीला ट्राम धरावी लागते, आणि थकल्यावर अर्धा तास खोलीवर येऊन पडण्याची मुभा उरत नाही. या शहरात तशी विश्रांती घ्यावीशी वाटते आणि ती घ्यावीही.

हॉटेलच्या माहितीत ‘अमुक ठिकाण पायी ७ मिनिटांवर’ असे लिहिलेले असते. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी ८० मीटर म्हणजे एक मिनिट असे माप धरण्याचा नियम आहे आणि हॉटेलेही साधारण याच हिशेबाने वेळ देतात. त्यात सिग्नलला थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील, तर दिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरून निघावे. खोलीचा ताबा बहुधा दुपारी ३ नंतर मिळतो, पण त्याआधी पोहोचल्यास सामान काउंटरवर ठेवून घेतले जाते, आणि खोली सोडल्यानंतरही संध्याकाळपर्यंत ते सांभाळले जाते. छोट्या पाठपिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवावी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या फारशा आढळत नाहीत.

कामियाचोचा चौक पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतो. ट्रामचे रूळ येथे दोन दिशांना फुटतात आणि पादचाऱ्यांसाठी खाली शारेओ नावाची भुयारी बाजारपेठ आहे. हा चौक त्या भुयारातूनच ओलांडावा. खाली उतरण्यापूर्वी आपल्याला कोणत्या कोपऱ्यावर वर यायचे आहे ते नकाशात पाहून ठेवावे, म्हणजे आत फिरत राहावे लागत नाही.

अंतर मोजण्याची या शहराची रीत

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अणुबॉम्ब शहराच्या वर सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याच्या बरोबर खालची जमिनीवरील जागा म्हणजे स्फोटबिंदू. शहरात जेथे जेथे त्या दिवसातून वाचलेली भिंत, पायरी, पूल किंवा झाड आहे, तेथे बहुधा एक फलक असतो, आणि त्यावर त्या वस्तूचे स्फोटबिंदूपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. पायी फिरणाऱ्याने हे आकडे वाचत जावे, असा माझा आग्रह आहे. बसमधून पाहणाऱ्याला ३८० मीटर आणि १,३७० मीटर यांतला फरक कळत नाही, पण जो तेवढे अंतर स्वतः चालून आलेला असतो, त्याला ‘येथून तेथपर्यंत’ म्हणजे काय ते पायांनी कळलेले असते. हॉटेलही याच मापात बसते. हात्चोबोरीच्या कोपऱ्यावरचे फुकुया हे डिपार्टमेंट स्टोअर १९३८ साली बांधलेल्या इमारतीत आहे. स्फोटबिंदूपासून ७१० मीटरांवर तिचा आतला भाग जळून गेला, सांगाडा उभा राहिला, आणि आज तिच्यात कपडे, मिठाई व सौंदर्यप्रसाधने विकली जातात. संध्याकाळी तिच्यासमोरून ट्रामची वाट पाहत उभे राहणारे लोक पाहिले, की या शहराने आपले जगणे पुन्हा कसे उभे केले याची पहिली ओळख होते.

पहिली दुपार : बँक, शाळा आणि मावळतीचा घुमट

सामान ठेवून झाल्यावर, संग्रहालय आणि स्मारके जेथे आहेत त्या शांतता उद्यानाकडे थेट धावू नये. आधी दक्षिणेला होन्दोरीत शिरावे. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या या बाजारपेठेवर छप्पर असल्यामुळे पावसातही येथे निवांत चालता येते. तिला लागून दक्षिणेकडे, ट्रामच्या फुकुरोमाची थांब्याजवळ, बँक ऑफ जपानच्या हिरोशिमा शाखेची जुनी इमारत आहे. ती १९३६ ची, स्फोटबिंदूपासून ३८० मीटरांवरची. जाड दगडी भिंतींमुळे आणि खालच्या दोन मजल्यांच्या लोखंडी झडपा त्या वेळी बंद असल्यामुळे त्या मजल्यांचा आतला भाग वाचला, तर झडपा उघड्या असलेला तिसरा मजला जळाला. ८ ऑगस्टला, म्हणजे स्फोटानंतर दोनच दिवसांनी, येथे व्यवहार पुन्हा सुरू झाले, आणि ज्या बँकांच्या इमारती उरल्या नव्हत्या त्यांनाही याच दालनात खिडक्या देण्यात आल्या. प्रवेश विनामूल्य आहे. तळघरातील तिजोरीची खोली अवश्य पाहावी.

तेथून चारपाच मिनिटांवर फुकुरोमाची प्राथमिक शाळेचे छोटे संग्रहालय आहे. मला विचाराल, तर हिरोशिमातील सर्वांत मोलाचे अर्धा तास येथे मिळतात. स्फोटबिंदूपासून ४६० मीटरांवर असलेल्या या शाळेची काँक्रीटची पश्चिमेकडील इमारत तेवढी उभी राहिली आणि तेथे जखमींवर उपचारांची सोय झाली. आतल्या भिंती काजळीने काळ्या पडल्या होत्या. आपली माणसे शोधत येणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि नातेवाइकांनी त्या काळ्या भिंतींवर खडूने निरोप लिहिले : कोण जिवंत आहे, कोणाला कोठे हलवले, कोणाचा शोध चालू आहे. पुढे शाळा दुरुस्त झाली आणि ही अक्षरे नव्या गिलाव्याखाली झाकली गेली. शतक संपता संपता जुनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तेव्हा गिलाव्याखालून ती पुन्हा वर आली, आणि अर्ध्या शतकानंतर काही कुटुंबांना आपल्या माणसाबद्दल लिहिलेला निरोप वाचायला मिळाला. इमारतीचा एक भाग जपून तेथे २००२ साली संग्रहालय करण्यात आले. शेजारी आजची शाळा चालू असते आणि मुलांचा आवाज आत ऐकू येतो. येथे शांतपणे वावरावे आणि मुलांची छायाचित्रे काढू नयेत. संग्रहालय संध्याकाळी ५ ला बंद होत असल्यामुळे ही भेट पहिल्याच दुपारी उरकावी.

आता पश्चिमेकडे वळावे. घुमटाच्या थोडे अलीकडे, एका साध्या गल्लीत, शिमा रुग्णालयाच्या भिंतीपाशी एक बुटका दगडी फलक आहे. हाच स्फोटबिंदू. येथे पुतळा नाही, चौथरा नाही, आणि रुग्णालय आजही चालू आहे. बहुतेक प्रवासी १६० मीटरांवरचा घुमट पाहतात आणि या गल्लीत येतच नाहीत. दोन मिनिटे येथे थांबून मान वर करून आकाशाकडे पाहावे. सहाशे मीटर उंची म्हणजे फार मोठी उंची नव्हे.

घुमट मावळतीच्या सुमारास पाहावा. चेक वास्तुकार यान लेत्झेल यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१५ साली जिल्ह्यातील मालाच्या प्रदर्शनासाठी बांधली गेली. स्फोट जवळजवळ डोक्यावर झाल्यामुळे दाब सरळ वरून आला आणि मधल्या भागाच्या उभ्या भिंती तग धरून राहिल्या. आत असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. हे भग्नावशेष ठेवावेत की पाडावेत याविषयी शहरात वीस वर्षे मतभेद होते, कारण ज्यांनी ते सोसले होते त्यांच्यापैकी अनेकांना रोज ते डोळ्यांसमोर नको होते. रक्ताच्या कर्करोगाने १९६० साली मरण पावलेल्या एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीने जतनाच्या चळवळीला बळ दिले, १९६६ मध्ये नगरपरिषदेने जतनाचा ठराव केला आणि १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कुंपणाला खेटून पाहण्यापेक्षा मोतोयासू नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर बसावे. अंधार पडू लागला की घुमटावर मंद दिवे लागतात आणि त्याचे प्रतिबिंब भरतीच्या पाण्यात हलत राहते. उत्तरेला दिसणारा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पूल म्हणजे आयोई पूल, ज्याच्यावर विमानातून नेम धरला गेला होता.

याच नदीकाठी, घुमटापासून जवळच, महात्मा गांधींचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. भारत सरकारने हिरोशिमा शहराला भेट दिलेल्या या ४२ इंच उंचीच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २० मे २०२३ रोजी, जी-७ परिषदेच्या वेळी झाले. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचे. मराठी माणसाने येथवर यावे आणि हे ठाऊक नसावे, असे होऊ नये. जवाहरलाल नेहरूंनीही ऑक्टोबर १९५७ मध्ये हिरोशिमाला भेट दिली होती आणि त्यांच्या स्वागताला मोठा जनसमुदाय लोटला होता.

दुसरी सकाळ : संग्रहालय आधी, उद्यान नंतर

शांतता स्मारक संग्रहालयाला २०२४-२५ या आर्थिक वर्षात २० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली, आणि मुख्य दालनाच्या वाटा अरुंद असल्यामुळे सकाळी दहानंतर प्रत्येक वस्तूपाशी रांग लागते. म्हणून ऑनलाइन तिकीट घेऊन सकाळी साडेसातला दार उघडताच आत जावे. पहिला तास आधी वेळ ठरवून तिकीट घेतलेल्यांसाठीच राखलेला असतो. मोठ्यांना तिकीट २०० येन आहे. घुमटाच्या बाजूने आल्यास उद्यान ओलांडून दक्षिण टोकाला यावे लागते, त्यामुळे हॉटेलातून निघताना अर्धा तास हाताशी ठेवावा.

आत दीड ते दोन तास लागतात. मुख्य दालनात आकडे थोडे आणि वस्तू अधिक आहेत : करपलेला जेवणाचा डबा, मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल, फाटलेले शाळेचे गणवेश, आणि बँकेच्या दाराची एक दगडी पायरी, जिच्यावर दार उघडण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाची काळी छाया उरली आहे. ती पायरी स्फोटबिंदूपासून २६० मीटरांवरची होती. १९४५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली असा अंदाज आहे, पण हा आकडा समजून घेण्याची वाट त्या डब्यावरूनच जाते. भाजलेल्या माणसांची छायाचित्रे आणि वाचलेल्यांनी काढलेली चित्रे येथे आहेत. दहा वर्षांखालील मुलांना हे सारे दाखवावे की नाही, याचा निर्णय आईवडिलांनी आत शिरण्यापूर्वी घ्यावा, आणि गरज वाटल्यास आळीपाळीने आत जावे. छायाचित्रणाला सरसकट बंदी नसली, तरी प्रत्येक वस्तूपुढे फोन धरून उभे राहू नये, कारण मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी घरातली ती वस्तू असण्याची शक्यता असते.

बाहेर आल्यावर लगेच पुढचे ठिकाण गाठू नये. इमारतीच्या खांबांमधून उत्तरेकडे पाहावे. वास्तुकार केंझो तांगे यांनी उद्यानासाठीच्या १९४९ च्या स्पर्धेत निवडल्या गेलेल्या आपल्या आराखड्यात संग्रहालय, स्मृतिकमान आणि घुमट एकाच सरळ रेषेत ठेवले. ६ ऑगस्ट १९५२ रोजी अनावरण झालेली ही स्मृतिकमान म्हणजे प्राचीन जपानी मातीच्या घरासारखे छप्पर, आणि तिच्या खालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. दर वर्षी नव्या नावांची भर पडते आणि आता ती संख्या साडेतीन लाखांच्या जवळ पोहोचली आहे. पेटीवरील लेखाचा अर्थ साधारण असा : शांतपणे निद्रा घ्या, ती चूक पुन्हा घडणार नाही. या कमानीची रचना शिल्पकार इसामू नोगुची यांनी करावी असे तांगे यांना वाटत होते, पण ते अमेरिकन असल्यामुळे त्यांचा आराखडा नाकारला गेला. नोगुचींचे काम मात्र शहरात आहे. संग्रहालयासमोरच्या १०० मीटर रुंद हेइवा-ओदोरी रस्त्यावर उद्यानाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जे दोन पूल आहेत, त्यांचे कठडे त्यांनी घडवले. रोज हजारो लोक त्यांवर हात टेकून जातात. आपणही टेकावा.

हे उद्यान पाहताना एक गोष्ट सतत मनात ठेवावी. येथे आधी मोकळे मैदान नव्हते. नाकाजिमा नावाची गजबजलेली वस्ती होती, दुकाने, देवळे, चित्रपटगृहे आणि घरे होती. उद्यानाची हिरवळ त्यांच्या राखेवर भर घालून केलेली आहे. संग्रहालयाजवळच खोदकामात सापडलेले रस्त्याचे आणि घराचे अवशेष २०२२ पासून एका छोट्या दालनात दाखवले जातात. करपलेली जमीन आणि तातामीच्या चटया जळून उरलेला काळा थर पायांखाली किती उथळ आहे ते तेथे दिसते. उद्यानाच्या पूर्व कडेला, मोतोयासू पुलापाशी, विश्रांतिगृह नावाची इमारत आहे. १९२९ साली किमोनोचे दुकान म्हणून बांधलेली ही इमारत स्फोटबिंदूपासून १७० मीटरांवर होती, आणि त्या सकाळी कागदपत्रे आणण्यासाठी तळघरात उतरलेला एक कर्मचारी वाचला. ते तळघर जवळजवळ तसेच ठेवले आहे आणि पायऱ्या उतरून पाहता येते. वर पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे.

मुले बरोबर असतील तर त्यांना मुलांच्या शांतता स्मारकापाशी न्यावे. सादाको सासाकी ही मुलगी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला, रुग्णालयात ती कागदाचे सारस घडवत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी गेली. तिच्या वर्गमित्रांनी पैसे गोळा करून उभारलेल्या स्मारकाचे अनावरण ५ मे १९५८ रोजी झाले. जगभरातून येथे दर वर्षी सुमारे एक कोटी कागदी सारस येतात. घरूनच मुलांकडून सारस करून न्यावेत, कारण तेथे उभे राहून घाईने केलेल्या सारसापेक्षा घरी निवांत केलेला सारस मुलांच्या लक्षात अधिक राहतो. थोड्या अंतरावर गवताने झाकलेला एक गोल उंचवटा आहे आणि त्याच्याखाली ओळख न पटलेल्या किंवा कोणीही नेऊ न शकलेल्या सुमारे ७०,००० माणसांच्या अस्थी आहेत. त्याच्या आवारात बसून खाऊ नये, मोठ्याने बोलू नये. जवळच कोरियन मृतांचे स्मारक आहे. ते १९७० मध्ये उद्यानाबाहेर उभारले गेले आणि १९९९ मध्ये आत आणले गेले, आणि या उशिरामागचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे.

दुपार : किल्ला, निलगिरी आणि बाग

संग्रहालयानंतर दुपारी जेवून खोलीवर तासभर पडावे आणि मग उत्तरेकडे निघावे. सरदार मोरी तेरुमोतो यांनी १५८९ मध्ये या गाळाच्या बेटांवर किल्ला बांधायला घेतला आणि त्याभोवती शहर वाढले. १६१९ पासून पुढे अडीचशे वर्षे तो आसानो घराण्याकडे होता. लाकडी मनोरा १९४५ च्या स्फोटात कोसळला. आज दिसणारा मनोरा १९५८ चा, काँक्रीटचा आहे, आणि त्याच्या आत जाता येते की नाही हे निघण्यापूर्वी हॉटेलच्या काउंटरवर विचारून घ्यावे. मात्र आत जाता आले नाही तरी हळहळण्याचे कारण नाही. खंदकाचे पाणी, तटाचे जुने दगड आणि झाडे हाच या किल्ल्याचा खरा ठेवा आहे. प्रवेशद्वाराच्या आतल्या आवारात एक वाकडीतिकडी निलगिरी आहे, स्फोटबिंदूपासून ७४० मीटरांवरची, जी जळूनही पुन्हा फुटली. आणखी आत, खंदकाजवळ, सैन्याच्या दळणवळण केंद्राचा काँक्रीटचा बंकर आहे. तेथे काम करणाऱ्या शाळकरी मुलींनी फोनवरून हिरोशिमा नष्ट झाल्याची बातमी बाहेर पोहोचवली. तो फक्त बाहेरून पाहायचा आहे.

किल्ल्यापासून पूर्वेला दहाबारा मिनिटांवर शुक्केइएन ही बाग आहे. आसानो घराण्याचे सरदार आणि चहाविधीचे आचार्य उएदा सोको यांनी ती १६२० मध्ये आखली. नावाचा अर्थ ‘निसर्गदृश्य लहान करून मांडलेली बाग’ असा आहे. मध्ये तळे, त्यात दहाबारा बेटे, आणि तळ्याचे दोन भाग जोडणारा कमानदार दगडी पूल. हा पूल स्फोटातून वाचला. बाग नदीला लागून असल्यामुळे भाजलेले असंख्य लोक पाण्याच्या ओढीने येथे आले आणि येथेच गेले. त्यांच्यासाठी बागेत स्मारक आहे, आणि स्फोटबिंदूपासून १,३७० मीटरांवरचा एक झुकलेला गिंको वृक्षही आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाने पिवळी होतात तेव्हा तो पाहावा. वाट तळ्याभोवती डावीकडून किंवा उजवीकडून कशीही धरली तरी पाऊण तास पुरतो, पण मध्ये कोठेतरी बसावे. संग्रहालयाच्या सकाळीनंतर दुपारी ही बाग ठेवण्याचे कारण प्रत्यक्ष बसल्यावर आपोआप समजते.

संध्याकाळचे जेवण

हिरोशिमाचे ओकोनोमियाकी खाल्ल्याशिवाय परतू नये, असे स्थानिक लोक सांगतात, आणि होन्दोरीच्या पूर्व टोकाजवळच्या ओकोनोमिमुरा या इमारतीत तीन मजल्यांवर त्याची वीसेक छोटी दुकाने आहेत. तव्यावर धिरड्यासारखा पातळ थर ओतला जातो, त्यावर माशाची भुकटी, कोबीचा ढीग, मोड, डुकराच्या मांसाचे काप, मग उलटवून खाली शेवया आणि शेवटी अंडे. लोखंडी उलथन्याने तव्यावरूनच खाल्ले जाते. युद्धानंतरच्या टंचाईत स्वस्तात पोट भरणारे खाणे म्हणून ते येथे रुजले.

शाकाहारी वाचकांनी मात्र सावध असावे. मांस वगळा म्हणजे ‘निकु नुकी’ असे सांगितल्यावर काप वगळले जातात, पण माशाची भुकटी आणि सॉसमधील मांसाहारी अंश राहतो. काही दुकानांत इंग्रजी मेनूवर पूर्ण शाकाहारी प्रकार वेगळा दिलेला असतो, तेथेच बसावे. जपानी आमटीसारख्या बहुतेक रसांचा पाया वाळलेल्या माशांच्या अर्काचा असतो, म्हणून ‘भाज्यांचे सूप’ या शब्दांवर विसंबू नये. कडक शाकाहारी किंवा जैन आहार असणाऱ्यांनी थेपले, भाकरी-चटणी आणि तयार खिचडीची पाकिटे घरूनच न्यावीत. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवण्याची किटली बहुतेक ठिकाणी असते.

केव्हा जावे

मार्चअखेर ते एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर हे दिवस चालण्यासाठी उत्तम. मोतोयासू नदीच्या काठावर आणि किल्ल्याच्या खंदकाशी साकुरा, म्हणजे चेरी, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा आणि त्यानंतर दमट उकाडा असतो. तेव्हा बाहेरचे फिरणे सकाळी आणि संध्याकाळी ठेवावे आणि मधली वेळ दालनांत घालवावी. ६ ऑगस्टला सकाळी ८ वाजता स्मृतिकमानीपुढे सोहळा होतो आणि रात्री घुमटाजवळच्या नदीत कागदी दिवे सोडले जातात. त्या दिवशी जायचे असेल, तर हॉटेल कित्येक महिने आधी ठरवावे लागते, आणि सोहळा पाहायला नव्हे तर त्यात सहभागी व्हायला जायचे आहे हे लक्षात ठेवून पोशाख आणि वागणे ठेवावे.

परतताना सामान घेऊन स्थानकापर्यंत चालू नये. हात्चोबोरीहून ट्राम धरावी. मागच्या दाराने चढायचे आणि उतरताना पुढे चालकापाशी भाडे द्यायचे, या प्रवासाला २४० येन. ऑगस्ट २०२५ पासून ही ट्राम उन्नत मार्गाने थेट रेल्वे स्थानकाच्या दुसऱ्या मजल्यावर जाते. स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्ट १९४५ ला, शहराच्या पश्चिमेकडील एका टप्प्यावर ट्राम पुन्हा धावू लागली होती. त्या काळातल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या गाड्या गर्दीच्या वेळी अजून रुळांवर असतात. सकाळी निघणार असाल, तर थांब्यावर आलेल्या गाडीच्या कपाळावरचा आकडा वाचावा, आणि हिरव्या व पिवळसर रंगाची ती जुनी गाडी आली, तर घाई नसल्यास तिच्यातूनच जावे.